लॉ सीईटी ते पहिलं वर्ष: विद्यार्थी आणि पालक हमखास विचारतात ते प्रश्न

हे प्रश्न महाराष्ट्रातून एलएलबीला जाणाऱ्यांसाठी आहेत. आधी प्रवेशाचे, मग पहिल्या वर्षाचे. तारखा आणि बारीक नियम दरवर्षी थोडे हलतात. त्यामुळे फॉर्म भरताना त्या वर्षीची सीईटी सेलची (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाची) माहितीपुस्तिका शेजारी उघडी ठेवा आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारखांवर विसंबू नका.

बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स घ्यावा, की आधी पदवी आणि मग तीन वर्षांचा?

कायदाच करायचा हे बारावीतच पक्कं असेल तर पाच वर्षांचा घ्या, सरळ एक वर्ष वाचतं. पक्कं नसेल तर पदवी करा. बीकॉम करून आलेल्याला करकायदा आणि कंपनी कायदा सोपा जातो. इंजिनिअरिंग किंवा विज्ञान शाखेतून आलेल्याला पेटंटच्या कामात पुढे फायदा होतो. वकिलीची सनद (परवाना) मिळताना दोन्ही पदव्या सारख्याच धरल्या जातात, आणि कोर्टात तुमचा कोर्स किती वर्षांचा होता हे कोणी विचारत नाही.

घरच्यांच्या आग्रहाखातर सतराव्या वर्षी पाच वर्षांची गाठ बांधून घेणं मात्र महागात पडतं. तिसऱ्या वर्षी सोडून जाणारी मुलं बहुधा याच गटातली असतात.

किती टक्के लागतात? वयाची अट आहे का?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२, तर अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. पाच वर्षांच्या कोर्सला ते बारावीचे बघतात, तीन वर्षांच्या कोर्सला पदवीचे. शाखा कोणतीही चालते. सीईटीला वयाची कमाल मर्यादा नाही. निवृत्तीनंतर वर्गात येऊन बसणारे काका-मावशी जवळपास प्रत्येक कॉलेजात दिसतात आणि बऱ्याचदा पहिल्या बाकावर तेच असतात.

मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का?

चालते, पण एक अट आहे आणि ती अनेकांना उशिरा कळते. बारावी न करता, फक्त पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट पदवीला प्रवेश घेतला असेल, तर बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे त्या पदवीवर एलएलबीला प्रवेश मिळत नाही. दहावी, बारावी आणि मग मुक्त विद्यापीठाची पदवी असा क्रम असेल तर अडचण येत नाही. सीईटीची फी भरण्याआधी हे तपासा. परीक्षेला बसू दिलं म्हणजे पात्रता मान्य झाली असं होत नाही, कागदपत्रांची खरी तपासणी नंतर होते.

आणि हो, दूरस्थ किंवा पत्राद्वारे एलएलबी असा प्रकार बार कौन्सिलला मान्य नाही. तशी जाहिरात दिसली तर तिकडे दुर्लक्ष करा.

सीईटीचा पेपर कसा असतो?

१२० प्रश्न, १२० मिनिटं, संगणकावर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. शेवटची दोन मिनिटं राहिली असतील आणि दहा प्रश्न उरले असतील, तर डोळे मिटून का होईना, दहाही टिक करून या.

दोन्ही कोर्सच्या पेपरांचा तोल मात्र वेगळा आहे, आणि तयारी त्याप्रमाणे बदलायला हवी. पाच वर्षांच्या पेपरात कायदेविषयक कल आणि तर्कबुद्धी असे ३२-३२ प्रश्न, सामान्यज्ञान आणि इंग्रजी २४-२४, आणि गणित फक्त ८. म्हणजे निम्म्याहून जास्त पेपर विचार करण्याचा. तीन वर्षांच्या पेपरात इंग्रजी ४०, सामान्यज्ञान ३२ आणि कायदेविषयक कल व तर्कबुद्धी २४-२४, गणित नाही. इथे १२० पैकी ७२ प्रश्न फक्त भाषा आणि घडामोडींचे. तरीही पदवीधर मुलं कायद्याच्या संज्ञा पाठ करण्यात महिने घालवतात आणि इंग्रजी ‘तसं येतंच की’ म्हणून सोडून देतात. मग दोन-चार गुणांनी हवं ते कॉलेज जातं.

क्लॅटही द्यावी का?

क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा. तिथे जायचं असेल तर द्यावीच लागते. महाराष्ट्रात अशी तीन विद्यापीठं आहेत: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. दिल्लीचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ मात्र स्वतःची वेगळी परीक्षा घेतं.

क्लॅटही १२० प्रश्नांची आणि दोन तासांचीच, पण स्वभाव पूर्ण निराळा. सगळी इंग्रजीत, सगळी उताऱ्यांवर, आणि प्रत्येक चुकीला पाव गुण वजा. ती अलीकडे डिसेंबरात होते, म्हणजे बारावीच्या ऐन मध्यात. म्हणून ठरवायचं तर अकरावीत ठरवा. ‘बारावी झाली की बघू’ म्हणणाऱ्यांचा त्या वर्षीचा फॉर्म तोवर कधीच बंद झालेला असतो.

फीचाही विचार करा. राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि एखादं अनुदानित कॉलेज यांच्या खर्चात मोठी तफावत असते. शैक्षणिक कर्ज काढून गेलेल्या मुलाला पदवीनंतर सिनियर वकिलाकडे तुटपुंज्या पैशांवर ज्युनिअरकी करणं परवडत नाही, तो कंपनीच्या नोकरीकडे वळतो. कोर्टात उभं राहायची इच्छा असेल तर हे गणित प्रवेशाआधी मांडा.

कायदा शिकलोच नाही, तर कायदेविषयक कलाचे प्रश्न सोडवायचे कसे?

एक तत्त्व दिलेलं असतं आणि एक प्रसंग. तुम्ही ते तत्त्व त्या प्रसंगाला लावायचं, इतकंच. अडचण अशी की प्रसंग वाचताना मन लगेच बाजू घेतं. गरीब भाडेकरू आणि मुजोर मालक असं चित्र असलं की आपण भाडेकरूला जिंकवतो, मग दिलेलं तत्त्व काहीही म्हणत असो. पेपर काढणाऱ्याला हे ठाऊक असतं. तो मुद्दाम असे प्रसंग रचतो.

राज्याच्या सीईटीत यासोबत सरळ माहितीचे प्रश्नही येतात: मूलभूत हक्क, रिटचे (हक्क बजावण्यासाठी न्यायालय काढतं त्या आदेशांचे) पाच प्रकार, महत्त्वाच्या घटनादुरुस्त्या, नेहमीच्या लॅटिन संज्ञा. संविधानाचा भाग तीन आणि चार नीट वाचला तर यातलं बरंच हाताशी येतं.

क्लास लावणं गरजेचं आहे का?

राज्याच्या सीईटीसाठी नाही. जुने पेपर, रोज एक वर्तमानपत्र, आणि शेवटच्या दोन महिन्यांत घड्याळ लावून मॉक टेस्ट. मॉक दिल्यावर चुकलेल्या प्रश्नांवर मॉकइतकाच वेळ घालवा, नाहीतर त्या टेस्ट नुसती हौस ठरतात. क्लॅटसाठी मार्गदर्शनाचा फायदा होतो, विशेषतः ज्यांना इंग्रजी उतारे भराभर वाचायची सवय नाही त्यांना.

कोणते कागद आधी काढून ठेवावेत?

निकाल लागायच्या आधीच तहसील आणि सेतू केंद्राच्या फेऱ्या उरकून घ्या. अधिवास प्रमाणपत्र, आरक्षण असेल तर जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असल्यास चालू मुदतीतलं नॉन-क्रिमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र. यातली वैधता सर्वांत जास्त वेळ खाते. चांगले गुण असून केवळ या एका कागदापायी राखीव जागा हातची जाते, दरवर्षी.

केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच प्रवेश घेण्याचा प्रयत्न करा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर सरकारी शुल्कसवलतीवर पाणी सोडावं लागतं. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर वेगळा भरायचा असतो, कॉलेज तो आपोआप भरत नाही.

कॉलेज कसं निवडायचं?

मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चं, डॉ. आंबेडकर १९३५ मध्ये तिथे प्राचार्य झाले. पुण्याचं आयएलएस विधी महाविद्यालय १९२४ चं. या दोघांचे कटऑफ वर असतात आणि ते का, हे सांगायला नको. प्रश्न त्यांच्या खालच्या यादीचा आहे. तिथे नावापेक्षा तीन गोष्टी बघा. ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं, पूर्णवेळ शिक्षक किती आहेत, आणि जिल्हा न्यायालय किंवा उच्च न्यायालयाचं खंडपीठ किती लांब आहे. कोर्ट जवळ असलेलं साधं कॉलेज हे गावाबाहेरच्या चकचकीत इमारतीपेक्षा पुष्कळदा बरं, कारण दुपारी उठून कोर्टात जाऊन बसता येतं. कॉलेजला बार कौन्सिलची चालू मान्यता आहे ना, हे मात्र सर्वांत आधी बघा.

नोकरी सांभाळून एलएलबी होतं का?

करणारे पुष्कळ आहेत. पण एलएलबी हा पूर्णवेळ नियमित अभ्यासक्रम आहे, हे कागदावर विसरता येत नाही. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने बार कौन्सिलने विद्यार्थ्यांकडून नोकरी, एकाच वेळी चालू असलेली दुसरी नियमित पदवी आणि गुन्हेगारी पार्श्वभूमी यांबाबत घोषणापत्र मागायला सुरुवात केली. नोकरी असेल तर मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. सकाळच्या सत्राचं कॉलेज आणि समजूतदार साहेब, दोन्ही असतील तर जमतं. एलएलबीसोबत एमए किंवा एमकॉम नियमित करण्याचा विचार सोडून द्या.

मी मराठी माध्यमातला. निभाव लागेल का?

लागेल. पण ‘इंग्रजीची काही गरज नाही’ असं सांगणाऱ्याचंही ऐकू नका. वस्तुस्थिती अशी आहे: महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. म्हणजे साक्षीदाराची उलटतपासणी मराठीत, आणि त्याच खटल्याचं अपील मुंबईत गेलं की इंग्रजीत. दोन्ही भाषा येणारा वकील या साखळीत सगळीकडे चालतो. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलाला वादपत्र, कैफियत, दरखास्त, हुकूमनामा हे शब्द परके असतात, सातबारा आणि फेरफार वाचताना त्याला घाम फुटतो. तिथे तुम्ही त्याच्या पुढे आहात.

पहिल्या वर्षी करायचं ते असं. संविधानाची मराठी आणि इंग्रजी प्रत शेजारी ठेवून रोज एकच अनुच्छेद वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांचे मराठी अनुवाद न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आधी मराठी वाचून प्रकरण समजून घ्या, मग मूळ इंग्रजी. उलट क्रमाने केलंत तर शब्दकोशातच अडकाल. परीक्षेत मराठीतून उत्तरं लिहिण्याची मुभा बऱ्याच विद्यापीठांत असते, तुमच्या विद्यापीठाचा नियम पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. मराठीत लिहायचं ठरवलंत तरी संज्ञा दोन्ही भाषांत पाठ हव्यात.

पहिल्या वर्षी शिकवतात काय?

तीन वर्षांच्या कोर्सला साधारणपणे करार, अपकृत्य म्हणजे टॉर्ट (कराराबाहेरच्या दिवाणी चुका), फौजदारी कायदा, संविधान, कौटुंबिक कायदा असे विषय पहिल्या वर्षात येतात, क्रम विद्यापीठागणिक बदलतो. पाच वर्षांच्या कोर्सला सुरुवातीला राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इंग्रजी. ‘कायदा कधी शिकवणार?’ म्हणून मुलं वैतागतात. राज्यशास्त्र मन लावून केलं असेल तर पुढे संविधान निम्मं सोपं होतं, एवढं सांगून हा विषय सोडतो.

बेअर ॲक्ट, पुस्तक की गाइड?

तिन्ही, पण याच क्रमाने. बेअर ॲक्ट म्हणजे टीपा-भाष्याशिवाय कायद्याचा मूळ मजकूर. बहुतेक वर्ग उलट्या क्रमाने वाचतो: आधी गाइड, मग जमलं तर पुस्तक, आणि बेअर ॲक्ट परीक्षेच्या आदल्या रात्री कलमाचा आकडा शोधायला. सीईटी वेगाची परीक्षा होती. पहिल्या वर्षी कस लागतो तो सावकाश वाचण्याचा, आणि हा बदल लक्षात न आल्यामुळे सीईटीत वरच्या क्रमांकाने आलेली मुलंही पहिल्या सत्रात गडगडतात.

सावकाश म्हणजे कसं? चोरीचं कलम घ्या, भारतीय न्याय संहितेचं ३०३. गाइडमध्ये पाच मुद्दे दिलेले असतात: जंगम मालमत्ता, अप्रामाणिक हेतू, दुसऱ्याचा ताबा, संमती नसणं, मालमत्ता हलवणं. पाठ होतात आणि आठवड्यात विसरतात. मूळ कलमाखालची उदाहरणं वाचा. एका माणसाने कुत्र्याला आवडणारं आमिष खिशात ठेवलं आणि दुसऱ्याचं कुत्रं त्याच्या मागे चालू लागलं. हेतू अप्रामाणिक असेल तर कुत्रं मागे निघालं त्या क्षणी चोरी पूर्ण झाली. हात लावावा लागला नाही, घरी न्यावं लागलं नाही. ‘हलवणं’ म्हणजे काय ते या एका उदाहरणात कळतं आणि मग विसरत नाही. ‘जर’, ‘परंतु’, ‘किंवा’ या शब्दांवर पेन्सिल टेकवत वाचा. परंतुक आणि स्पष्टीकरण वगळून कलम वाचणं म्हणजे अर्धा निरोप ऐकून निघून जाणं.

विकत घ्यायला पैसे नसतील तर केंद्र सरकारच्या इंडिया कोड संकेतस्थळावर केंद्रीय कायदे फुकट आहेत.

निकालपत्र वाचायचं कसं? पन्नास पानांत हरवायला होतं.

पहिल्या महिन्यात पन्नास पानी निकाल उघडूच नका. केशवानंद भारती, १९७३, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा: तो वाचायची वेळ येईल, अजून नाही. छोट्यापासून सुरुवात करा. लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त हा अलाहाबादचा १९१३ चा निकाल घ्या.

मालकाचा पुतण्या घरातून पळाला. मालकाने त्याच्या शोधासाठी मुनीमाला हरिद्वारला धाडलं. तो गेल्यावर मागे मालकाने जाहीर केलं की शोधून देणाऱ्याला ५०१ रुपये. मुनीमाने पोरगा शोधला, बक्षिसाचं त्याला नंतर कळलं, आणि पुढे त्याने दावा लावला. हरला. ज्या प्रस्तावाची माहितीच नाही तो स्वीकारणार कसा? शिवाय शोधणं हे त्याचं नोकर म्हणून कामच होतं.

आता वहीत चारच गोष्टी लिहा: काय घडलं, न्यायालयापुढे प्रश्न काय होता, उत्तर काय दिलं, आणि त्या उत्तराला आधार कोणता. अर्ध्या पानात. मग स्वतःला विचारा, मुनीमाला हरिद्वारात तार मिळाली असती तर? हा ‘असं असतं तर’ विचारता आला की निकाल तुम्हाला कळला. शिक्षक आणि परीक्षक याच जागी बोट ठेवतात.

उत्तरं लिहून पानं भरतात, गुण मिळत नाहीत. का?

कारण माहिती लिहिली जाते, उत्तर नाही. प्रश्न असा समजा: सतरा वर्षांच्या मुलाने वय एकोणीस सांगून सावकाराकडून कर्ज घेतलं, आता परत करत नाही. सावकाराला काय करता येईल?

सरासरी उत्तर ‘करार म्हणजे काय’पासून सुरू होतं, दोन पानांनी करार कायद्याच्या कलम ११ वर येतं, मोहरी बीबी विरुद्ध धरमोदास घोष, १९०३, असं लिहून अधोरेखित करतं आणि संपतं. चांगलं उत्तर पहिल्याच ओळीत प्रश्न पकडतं: अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षांखालच्याने, खोटं वय सांगितलं तर करार बंधनकारक होतो का? मग नियम: कलम १० आणि ११, अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल. मग मोहरी बीबी, आणि इथेच गंमत आहे. त्या प्रकरणात कर्ज देणाऱ्याच्या माणसाला मुलगा अज्ञान असल्याची कल्पना होती. आपल्या प्रश्नातला सावकार फसवला गेलाय. हा फरक दाखवायचा. करार तरीही वैध होत नाही, पण मिळालेला लाभ परत करायला न्यायालय सांगू शकतं, त्यासाठी स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ चं कलम ३३. शेवटी दोन ओळींत निष्कर्ष. दीड पान पुरतं.

असं आठवड्याला एक उत्तर हाताने लिहा आणि वर्गातल्या कुणाला तरी वाचायला द्या. टाइप करून नको, परीक्षा अजून पेनानेच आहे.

जुना आयपीसी (भारतीय दंड संहिता) वाचायचा की नवी न्याय संहिता?

अभ्यास नव्याचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू आहेत. ५११ कलमांच्या जागी ३५८ आली. खून ३०२ होता, आता १०३. पत्नीच्या छळाचं ४९८-अ आता ८५. आणि बोलीभाषेत रुळलेला ‘चारसोबीस’ आता ३१८(४) आहे, म्हणायला मुळीच जमत नाही.

पण जुने आकडे टाकून देऊ नका. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच संहितेखाली चालतात, आणि तुम्ही वाचाल ते जवळपास सगळे निकाल जुन्या आकड्यांत आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखा, एक जुन्या आकड्यांचा, एक नव्या. सिनियरकडून जुनी पुस्तकं फुकट मिळाली तरी फौजदारीचं पुस्तक मात्र नवंच घ्या.

हजेरीचा खरंच त्रास होतो?

बार कौन्सिलचा नियम प्रत्येक विषयात ७० टक्क्यांचा आहे. काही कॉलेजं वर्षभर गप्प असतात आणि हॉल तिकिटाच्या आठवड्यात यादी लावतात. महिन्याच्या शेवटी स्वतःची हजेरी स्वतः मोजा.

पहिल्याच वर्षी मूट कोर्ट करावं का?

मूट कोर्ट म्हणजे काल्पनिक खटला लढवण्याची स्पर्धा. कॉलेजातली अंतर्गत स्पर्धा जरूर करा, बाहेरच्या मोठ्या स्पर्धांची घाई नको. बोलण्यापेक्षा शोधण्याचं आणि मेमोरियल (लेखी युक्तिवाद) लिहिण्याचं काम मागून घ्या. शिकायला तिथेच मिळतं, आणि बोलायला उभं राहायची हौस असणारे टीममध्ये तसेही जास्तच असतात.

इंटर्नशिप कुठे करू?

एकूण तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे लागतात, घाई नाही. पहिल्या सुट्टीत मोठ्या फर्मच्या मागे लागू नका, तिथे पहिल्या वर्षाच्या मुलाला झेरॉक्सखेरीज फारसं काही देत नाहीत. जिल्हा न्यायालयात दिवाणी काम करणाऱ्या वकिलाकडे जा. सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) बघा, कोणतं मॅटर कुठल्या कोर्टात आहे ते टिपा, तारीख का पडली ते लिहा. महिनाभर हे केलंत की दिवाणी प्रक्रिया संहिता पुढच्या वर्षी ओळखीची वाटेल.

एटीकेटी लागली तर करिअर संपलं का?

नाही. विषय सोडवा आणि पुढे चला. दोनदा त्याच विषयात लागली तर मात्र उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा आणि शिक्षकांसमोर बसा. गाइड बदलून उपयोग होत नाही.

न्यायाधीशच व्हायचंय. पहिल्या वर्षापासून तयारी करू?

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. त्यामुळे पदवीचा निकाल हातात पडताच परीक्षा देऊन न्यायाधीश हा मार्ग राहिलेला नाही. वेगळा क्लास आत्ता लावणं म्हणजे पैसे वाया. कायदे नीट वाचा आणि कोर्टात जात राहा, त्या तीन वर्षांत बाकीची तयारी होते.

काळा कोट आत्ताच शिवून घ्यावा का?

मूट कोर्टसाठी लागतो, एक साधा शिवून घ्या. पांढरा बँड आणि गाऊन सनद मिळाल्यावर. विद्यार्थी म्हणून कोर्टात जाताना पांढरा शर्ट आणि काळी पँट पुरते, आणि कोट घालून गेलात तर पहिला पक्षकार हमखास तुम्हालाच विचारेल, ‘वकीलसाहेब, सात नंबर कोर्ट कुठे?’